ब्रिजिडचा क्रूस आणि ३१ जानेवारीची संध्याकाळ: टप्प्याटप्प्याने

आयर्लंडची संत ब्रिजिड हिच्या १ फेब्रुवारीच्या सणाला लव्हाळ्याच्या काड्यांचा चार हातांचा क्रूस विणून दारावर लावतात. तो विणायला फार तर अर्धा तास लागतो. तो बिघडतो बहुतेक वेळा त्याच्या आधीच. काड्या कात्रीने कापून आणलेल्या असतात, गाडीच्या डिकीत दोन दिवस पडून वाळलेल्या असतात, नाहीतर त्या मुळात लव्हाळ्याच्याच नसतात. मग सोमवारची सुट्टी बघून भर दुपारी सगळे विणायला बसतात. मधला चौक सैल पडतो, हात वाकडे येतात आणि पंधरा दिवसांत भिंतीवरून काड्या गळायला लागतात.

आयर्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी घरांत हे दरवर्षी होतं. मुलं शाळेतून अर्धवट क्रूस आणतात, शेजारच्या आजी काड्यांचा जुडगा दारात ठेवून जातात आणि आपण मोबाईलवर विणकामाचा व्हिडिओ शोधतो. व्हिडिओत विणकाम असतं, संध्याकाळ नसते. क्रूस ही त्या संध्याकाळची शेवटची पायरी आहे आणि आधीच्या पायऱ्या गाळल्या की तो शाळेतल्या हस्तकलेच्या तासापुरता उरतो.

खालचा क्रम मुख्यतः डोनेगल आणि उत्तरेकडच्या अल्स्टर भागातला आहे, कारण तिथे काड्या घरात आणण्यापासून क्रूस टांगण्यापर्यंतची सगळी साखळी सलग सापडते. तुमचे शेजारी केरीचे किंवा गॉलवेचे असतील तर ते काही गोष्टी वेगळ्या सांगतील. तेही बरोबरच. १९४२ मध्ये आयरिश लोकसाहित्य आयोगाने या एका सणाबद्दल देशभर प्रश्नावली पाठवली होती आणि उत्तरं गावागणिक वेगळी आली. शेजाऱ्यांचं आणि या लेखाचं पटलं नाही, तर शेजाऱ्यांचं ऐका.

## आधी तारीख पक्की करा

सण १ फेब्रुवारीचा, पण घरातलं जवळजवळ सगळं ३१ जानेवारीच्या संध्याकाळी करायचं असतं. सणाचा दिवस आदल्या सूर्यास्तालाच लागतो असं धरतात.

गोंधळ सुट्टीमुळे होतो. २०२३ पासून या सणाची सार्वजनिक सुट्टी मिळते, पण ती फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी. १ तारखेला शुक्रवार आला तरच सुट्टी त्या शुक्रवारी. २०२४ मध्ये सण गुरुवारी होता आणि सुट्टी सोमवारी, ५ तारखेला. २०२८ मध्ये सण मंगळवारी येईल आणि सुट्टी ७ तारखेला. २०३० मध्ये १ तारीख शुक्रवारी आहे, तेव्हा दोन्ही एकाच दिवशी येतील. उत्तर आयर्लंडमध्ये ही सुट्टी नाही. म्हणजे संध्याकाळ अनेकदा कामाच्या दिवशीच येणार. डब्लिनमध्ये त्या सुमारास सूर्य पाचच्या आसपास मावळतो, त्यामुळे ऑफिसातून परतेपर्यंत अंधार झालेला असेल. बाहेरची कामं कोण करणार हे आदल्या दिवशीच ठरवून ठेवा.

तपासून घ्या: २ फेब्रुवारीला चर्चमध्ये मेणबत्त्यांना आशीर्वाद देतात आणि ३ तारखेला संत ब्लेझच्या नावाने दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरून गळ्याला आशीर्वाद देतात. हे तीन दिवस लागोपाठ येतात आणि शाळेच्या सूचनांमध्ये एकत्र कालवले जातात. मेणबत्त्यांचं काम पाद्रींचं आहे, ते घरच्या संध्याकाळीत घुसवू नका.

## १. काडी ओळखा आणि उपटा

हवा तो मऊ लव्हाळा. ओलसर, पाणी साचणाऱ्या कुरणात त्याचे गडद हिरवे झुबके उभे असतात आणि आयर्लंडमध्ये ते शोधायला लांब जावं लागत नाही. काडी गोल, गुळगुळीत, चकचकीत असते. तिला गाठ नसते आणि पानंही नसतात. टोकाच्या थोडं खाली एका बाजूला तपकिरी फुलांचा बारीक गुच्छ असतो. एक काडी उभी फाडून बघा. आत पांढरा, स्पंजासारखा गर सलग भरलेला दिसला तर ती बरोबर.

त्याचा एक भाऊबंद निळसर-करड्या रंगाचा असतो, त्याच्या काडीवर उभ्या रेषा जाणवतात आणि आतला गर तुटक तुटक असतो. तो दुमडताना कडकन मोडतो. तळ्याकाठचा उंच, पानांचा, गाठी असलेला बोरू तर मुळीच नको.

काडी कापायची नाही, उपटायची. ही प्रथा आहे आणि त्यात व्यवहारही आहे. झुबक्यातली एकच काडी बुंध्याशी धरून सरळ वर, न झटकता ओढली की ती तळाच्या पांढुरक्या भागासकट सुटून येते. अशी काडी पूर्ण लांबीची मिळते आणि तळाचा मऊ भाग पाणी धरून ठेवतो. मूठभर काड्या एकदम ओढू नका, नाहीतर आख्खा झुबका मुळासकट हातात येईल आणि शेतकऱ्याचे दोन शब्द ऐकावे लागतील.

किती लागतील? मध्यम क्रुसाला १७ काड्या, मोठ्याला २९. हे आकडे असेच का ते विणकामात कळेल. काही काड्या चिरतातच, म्हणून दर क्रुसामागे आठ-दहा जास्त घ्या. टोकं पिवळी-तपकिरी पडलेल्या काड्या गेल्या वर्षीच्या असतात. त्या तिथेच सोडा.

जमीन कोणाची आहे ते विचारून मगच आत जा. कुंपण उघडलं असेल तर लावून घ्या. रबरी गमबूट घाला, जानेवारीत ही कुरणं घोट्यापर्यंत आत घेतात.

इशारा: याच ओल्या चरांच्या काठी एक अतिशय विषारी झाड उगवतं आणि जानेवारीतच हिरवंगार दिसायला लागतं. त्याची पानं अगदी आपल्या कोथिंबिरीसारखी असतात आणि मुळं पांढऱ्या जाड बोटांसारखी. मुलं बरोबर असतील तर आधीच सांगून ठेवा की लव्हाळ्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही आणि काही तोंडात घालायचं नाही.

## २. काड्या जिवंत ठेवा

उत्तम म्हणजे ३१ तारखेलाच उपटणं. ते जमणार नसेल तर ३० ला. त्याच्याही आधी आणल्या तर जुडगा ओल्या सुती कापडात गुंडाळून बाहेर सावलीत ठेवा. घरात, हीटिंगच्या जवळ एक रात्र जरी राहिल्या तरी त्या कडक होतात. वाळल्यासारख्या वाटल्या तर तासभर पाण्यात बुडवून ठेवा, बऱ्याचशा सावरतात.

तपासून घ्या: एक काडी मधोमध दुमडा. घडीवर नुसती सुरकुती पडली तर काड्या तयार आहेत. आवाज झाला आणि पांढरा गर बाहेर आला तर अजून भिजवा.

## ३. अंधार पडण्याआधी: दोन वस्तू बाहेर

पहिली वस्तू कापड. याला ब्रात ब्रीज म्हणतात, म्हणजे ब्रिजिडचं वस्त्र. ३१ च्या रात्री ब्रिजिड घराघरावरून जाते आणि बाहेर ठेवलेल्या कापडाला स्पर्श करते, असा विश्वास आहे. सुती किंवा लिननचा तुकडा, रुमाल, ओढणी, नुसती फीत, काहीही चालतं. झुडपावर, खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर किंवा दाराच्या कडीला ठेवतात.

इथे चुका साध्याच असतात, पण नेमाने होतात. कापड नुसतं टाकून दिलं जातं आणि अटलांटिकवरचा वारा ते पलीकडच्या इस्टेटीत नेऊन सोडतो. गाठ मारा किंवा चिमटा लावा. पाऊस आला म्हणून मध्यरात्री आत आणू नका, भिजणं हाच तर उद्देश आहे. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर बाल्कनीचा कठडा चालेल. टम्बल ड्रायरमधून काढलेलं सुगंधी कापड मात्र नको, साधं धुतलेलं पुरे.

दुसरी वस्तू काड्या. जुडगा घरात आणलेला असेल तर पुन्हा बाहेर, दारापाशी ठेवा. अंधार पडल्यावर तो आत येणार आहे आणि कसा येतो यालाच महत्त्व आहे. उपटून थेट स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलेल्या काड्या म्हणजे बाजारहाट झाला.

याच वेळी घर झाडून घ्या. चूल किंवा फायरप्लेस असेल तर ती स्वच्छ करून पेटवा.

## ४. दार ठोठावणं

हा टप्पा सगळ्यांत जास्त गाळला जातो. लाज वाटते, हे खरं कारण. मुलं असतील तर लाज दहा सेकंदांत जाते.

जेवण तयार असू द्या, पण वाढू नका. घरातली एक मुलगी ब्रिजिड होते. काही गावांत हे काम घरातला पुरुष करतो. ती डोक्यावरून शाल घेऊन बाहेर जाते, काड्यांचा जुडगा उचलते आणि काही ठिकाणी घराभोवती तीन फेऱ्या मारते. फेऱ्या सूर्याच्या दिशेने, म्हणजे घर उजव्या हाताला ठेवून. आपल्या प्रदक्षिणेचीच दिशा, त्यामुळे मराठी घरात ही चूक होऊ नये. रांगेतलं घर असेल, मागून वाट नसेल, तर फेऱ्या सोडून द्या.

मग ती दार ठोठावते आणि बाहेरूनच म्हणते: गुडघ्यावर बसा, डोळे उघडा आणि ब्रिजिडला आत येऊ द्या. आतले सगळे गुडघे टेकून उत्तर देतात: स्वागत आहे, त्या थोर बाईंचं स्वागत आहे. हे तीनदा होतं. तिसऱ्या उत्तरानंतर ती उंबरा ओलांडून आत येते.

हे बोल मुळात आयरिश भाषेतले आहेत. कागदावर वाचून ते म्हणायच्या फंदात पडू नका, कारण आयरिश स्पेलिंगमधली अक्षरं आणि उच्चार यांचा मेळ आपल्या अंदाजाने लागत नाही. घरात शाळेत जाणारं मूल असेल तर बाईंना विचारून ये म्हणावं. नाहीतर सरळ मराठीत म्हणा. मराठीतली ब्रिजिड दाराबाहेर उभी राहते आणि शेजारी कौतुकाने खिडकीत येतात, एवढंच.

आत आल्यावर काड्या जेवणाच्या टेबलाखाली किंवा चुलीपाशी ठेवायच्या. लगेच विणायला घ्यायच्या नाहीत.

तपासून घ्या: या क्षणी काड्या टेबलाखाली, कापड बाहेर, जेवण गरम आणि एकही काडी दुमडलेली नसावी. असं असेल तर क्रम बरोबर चालला आहे.

## ५. जेवण, काड्यांच्या सान्निध्यात

बटाटा आणि लोणी. या रात्रीचं जेवण याहून फार लांब जात नाही. कुठे नुसता कुस्करलेला बटाटा, कुठे त्यात कोबी किंवा केल घालून कोलकॅनन. शाकाहारी घरांना यात काहीच बदलावं लागत नाही.

चार जणांना एक किलो पिठूळ बटाटे घ्या: रूस्टर किंवा केर्स पिंक. सालीसकट उकडा, पाणी निथळून पातेलं मंद आचेवर मिनिटभर सुकू द्या, मग सोला. पाव किलो केल किंवा कोबी वेगळा उकडून, घट्ट पिळून, बारीक चिरा. दीड कप दुधात मूठभर पातीचा कांदा घालून उकळी आणा आणि ते गरम दूध थोडं थोडं घालत बटाटा कुस्करा. सगळं लागेलच असं नाही. शेवटी भाजी, मीठ, मिरी. ताटात ढीग करून मधे खड्डा करायचा आणि त्यात लोण्याचा मोठा गोळा सोडायचा. दूध थंड घातलं किंवा बटाटा मिक्सरमधून काढला तर त्याची खळ होते. जिरं-मोहरीची फोडणी द्यायचा मोह दुसऱ्या दिवसापर्यंत आवरा.

वाढण्याआधी ब्रेडचा किंवा केकचा एक तुकडा लोणी लावून खिडकीच्या बाहेर ठेवतात, ब्रिजिडसाठी. तिच्या पांढऱ्या गाईसाठी धान्याची पेंढीही ठेवायची पद्धत होती. वाटेने जाणारा कोणी गरजू तो तुकडा घेऊन गेला तर ते चांगलंच मानत. कोल्हा घेऊन गेला तरी वाईट वाटून घेऊ नका.

## ६. विणकाम

आता टेबल पुसा आणि काड्या वर घ्या. चार तुकडे सुतळीचे कापून हाताशी ठेवा. रबरबँडने काम लवकर होतं, पण ते वर्षभरात कुजून तुटतात.

काड्यांचे शेंडे, म्हणजे फुलांच्या गुच्छासकटचा बारीक भाग, आता कात्रीने काढून टाका. न कापण्याचा नेम उपटण्यापुरता होता. प्रत्येक काडी साधारण ४० सेंटिमीटरची करा आणि जाडी सारखी असलेल्या निवडा. एक जाड, एक बारीक असं मिसळलं तर चौक तिरका होतो.

१. एक काडी उभी धरा. ही पायाची काडी, ती दुमडायची नाही.

२. दुसरी काडी मधोमध अंगठ्याने चेपून चपटी करा आणि मग दुमडा. न चेपता दुमडली तर घडीवर चिरते. ही घडी पायाच्या काडीच्या मध्यावर डावीकडून अडकवा. तिचं एक टोक पुढून, एक मागून जाईल आणि दोन्ही टोकं उजवीकडे येतील.

३. सगळं घड्याळाच्या उलट दिशेने पाव वळण फिरवा. आत्ता उजवीकडे असलेली टोकं आता वर आली.

४. तिसरी काडी दुमडून, वर आलेल्या काडीभोवती तशीच डावीकडून अडकवा. टोकं उजवीकडे. खाली मध्याशी सरकवून घट्ट करा.

५. पुन्हा पाव वळण. पुन्हा नवी काडी, वर दिसणाऱ्या सगळ्या काड्यांभोवती. पुन्हा पाव वळण.

इतकंच आहे, आणि हेच चुकतं. "सगळ्या" हा शब्द धरून ठेवा. दुसऱ्या फेरीपासून वरच्या हातात तीन-चार काड्या असतात आणि त्यातल्या एकदोन निसटून नवीन घडीच्या मागे राहतात. तिथे भोक पडतं आणि पुढच्या प्रत्येक फेरीत ते मोठं होत जातं.

दर वेळी नवी काडी उजवीकडच्या आधीच्या काड्यांच्या वरच्या अंगाला, त्यांना चिकटून बसली पाहिजे, त्यांच्यावर चढलेली नको. डाव्या हाताचा अंगठा चौकावर दाबून ठेवा आणि तो विणकाम संपेपर्यंत उचलू नका. फोन वाजला तर दुसऱ्याला उचलू द्या.

डावखुऱ्यांनी सगळं उलट केलं तरी चालतं. मधेच दिशा बदलली मात्र चालत नाही. मुलं हौसेने आळीपाळीने विणतात तेव्हा नेमकं हेच होतं: एकाने डावीकडे फिरवलेलं दुसरा उजवीकडे फिरवतो. एका क्रुसाला एकच माणूस बरा.

तपासून घ्या: चार घड्या म्हणजे एक फेरी, म्हणजे चारही हातांना एकेक काडी. म्हणून एकूण आकडा चारच्या पटीत, अधिक पायाची एक: चार फेऱ्यांना १७, सात फेऱ्यांना २९. सतराच्या क्रुसात दोन हातांमध्ये आठ-आठ पदर आणि त्यांच्याशी काटकोनातल्या दोन हातांमध्ये नऊ-नऊ पदर मोजता आले पाहिजेत, कारण पायाच्या काडीची दोन टोकं समोरासमोरच्या हातांत गेलेली असतात. एखाद्या हातात सहा आणि दुसऱ्यात दहा निघाले, तर कुठेतरी फिरवायचं विसरलात. तिथपर्यंत उसवा. सुतळी बांधून झाकायला गेलात तर झाकलं जात नाही.

## ७. बांधणं, कापणं, टांगणं

शेवटच्या काडीला धरून ठेवणारी दुसरी काडी नसते. म्हणून ती ज्या हातात गेली आहे तो हात सगळ्यांत आधी बांधा. मग समोरचा, मग उरलेले दोन. बांधण्याआधी त्या हातातल्या काड्या एकेक करून टोकाकडे हलके ओढा, चौक आवळला जातो. चारही हात बांधल्यावरच टोकं एका लांबीत कापा. आधी कापली तर ओढायला काही उरत नाही.

हिरवा लव्हाळा वाळताना बारीक होतो. आज घट्ट वाटणारी गाठ आठवड्यात सैल पडणार, हे धरून चाला आणि सुतळीला सुटणारी गाठ मारा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा आवळा. बाजारचे क्रूस टिकतात आणि घरचे गळतात याचं कारण बहुतेक वेळा ही दुसरी आवळणीच असते.

घरात भक्तीने सण करणारे असतील तर क्रुसावर चर्चमधून आणलेलं पवित्र पाणी शिंपडतात आणि प्रार्थना करतात. तुम्ही ख्रिस्ती नसाल तर हा भाग नुसता दिखाव्यासाठी करू नका. शेजारी प्रार्थना करत असतील तर शांत उभं राहणं पुरतं.

क्रूस दाराच्या वर, आतल्या बाजूने लावतात. जुन्या घरांत तो छपराच्या गवतात किंवा वाशांत खोवायचे आणि गुरांच्या गोठ्यासाठी वेगळा करायचे. गोठ्याचा अनेकदा तीन हातांचा असे. आग, वादळ आणि आजार घरापासून दूर राहावेत हा त्यामागचा भाव. हल्लीच्या घरांत एक वेगळीच अडचण येते. थंड, दमट भिंतीला चपटा चिकटवलेला ओला क्रूस मागून बुरशी धरतो. दोऱ्याने टांगा, मागे हवा खेळू द्या. लवकर वाळावा म्हणून रेडिएटरवर ठेवला तर ठिसूळ होऊन मोडतो.

इशारा: वाळलेला लव्हाळा भराभर पेटतो. गॅसच्या वर, फायरप्लेसच्या कडेवर किंवा मेणबत्तीजवळ क्रूस नको. आगीपासून राखणारा क्रूसच आगीचं कारण ठरायला नको.

गेल्या वर्षीचा क्रूस कुठे टाकायचा, हा प्रश्न याच वेळी येतो. काही घरांत तो काढतच नाहीत, नवा शेजारी लावतात आणि जुन्या छपरांत अशी रांग जमलेली असे. काही ठिकाणी तो जाळतात किंवा मातीत पुरतात. कचऱ्याच्या डब्यात टाकू नये, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत दिसतं. उरलेल्या काड्याही लगेच फेकत नाहीत. काही ठिकाणी त्या ब्रिजिडला निजायला म्हणून चुलीपाशी पसरून ठेवतात.

## ८. सकाळी, सूर्य उगवण्याआधी

कापड आत आणा. त्या दिवसांत डब्लिनमध्ये सूर्य आठनंतर उगवतो, तेव्हा हे अवघड नाही. ओलं असेल तर सावलीत वाळवा. धुवायचं नाही, इस्त्रीही नाही. घडी करून वर्षभर जपून ठेवतात. तेच कापड दरवर्षी बाहेर ठेवायची पद्धत आहे आणि जितकं जुनं तितका गुण जास्त असं मानतात. फीत असेल तर काही जण रात्री मोजून ठेवतात आणि सकाळी पुन्हा मोजतात. वाढली तर वर्ष चांगलं जाणार. मोजायची असेल तर रात्री आठवणीने मोजा.

डोकं दुखलं की कपाळाला बांधायचं, घसा धरला की गळ्याला, गाय अडली की तिच्या पाठीवर, असे त्याचे उपयोग. बरोबर डॉक्टरांची गोळी घेऊ नये असं कुठलीही प्रथा सांगत नाही.

१ तारखेला चाक फिरवू नये असा अनेक भागांत नेम होता: चरखा नाही, गाडी नाही. हल्ली तो पाळणं कठीण आहे. शिवणयंत्र एक दिवस बंद ठेवणं जमण्यासारखं आहे.

## ९. पवित्र विहिरीवर जाणार असाल तर

ब्रिजिडच्या नावाच्या विहिरी देशभर आहेत. क्लेअरमध्ये मोहेरच्या कड्यांजवळ लिस्कॅनरची, लाउथमध्ये डंडॉकजवळ फोहर्टची, आणि किल्डेअर गावाबाहेर टलीची. १ फेब्रुवारीला तिथे गर्दी असते. फेऱ्या सूर्याच्या दिशेने, प्रार्थना मोजायला खडे. पुढच्या माणसाला ओलांडून जाऊ नका.

झाडाला चिंध्या बांधलेल्या दिसतील. आजारी माणसाच्या अंगावरचं कापड तिथे बांधतात. ते कुजत जाईल तसा आजार ओसरतो, अशी समजूत आहे. म्हणून नायलॉनची फीत, प्लॅस्टिकचा बॅज, मास्क हे सगळं निरर्थक, शिवाय फांदी आवळून मारणारं. सुती पट्टी, सैल गाठ. लिस्कॅनरच्या विहिरीकडे जाणाऱ्या बोळात लोकांनी ठेवलेले फोटो आणि चिठ्ठ्या असतात. त्यातले बरेच गेलेल्या माणसांचे आहेत. त्यांचे फोटो काढू नका.

## गटाने करायच्या प्रथा

केरीत, विशेषतः किलॉर्गलिनच्या बाजूला, गवताच्या उंच टोप्या घातलेले लोक ब्रिजिडची बाहुली घेऊन घरोघर वाजतगाजत जातात. पश्चिमेत पेंढ्याच्या दोराचं मोठं कडं करून त्यातून तीनदा पार होतात. दोन्ही गोष्टी स्थानिक मंडळींच्या आहेत. बोलावलं तर जा, दारात आले तर त्यांना खायला-प्यायला द्या. चार मराठी कुटुंबांनी मिळून परस्पर मुखवटे घालून निघू नये. गावाला ते कळतही नाही आणि रुचतही नाही.

## लव्हाळा मिळालाच नाही तर

गव्हाचं काड ही प्रथेतलीच सोय आहे, तडजोड नव्हे. महाराष्ट्रात किंवा इतरत्र बसून करणाऱ्यांनी हेच घ्यावं. दोन पेरांमधला गुळगुळीत तुकडा घ्यायचा, कारण पेरावर काड दुमडत नाही, मोडतं. कोमट पाण्यात दोन-तीन तास भिजवा, मग ओल्या टॉवेलात गुंडाळून एकेक काढत विणा. तुकडे आखूड पडतात, म्हणून १७ चा क्रूस पुरे. मळणीयंत्रातून निघालेलं काड चुरगळलेलं असतं, ते चालत नाही. हाताने कापलेल्या पेंढीतलं मिळालं तर बघा.

काड आखूडच असेल तर चौकटीचा प्रकार करा. दोन पातळ काटक्या फुलीसारख्या बांधायच्या आणि भिजवलेलं काड मध्यापासून सुरू करून प्रत्येक काटकीभोवती एक वेढा देत बाहेरच्या बाजूला शंकरपाळ्याचा आकार वाढवत न्यायचा. हाही जुनाच प्रकार आहे. मेयोमध्ये कॅसलबारजवळच्या टर्लो पार्कमधल्या राष्ट्रीय संग्रहालयात क्रुसांचे वेगवेगळे नमुने आहेत.

शाळेत कागदी नळ्या किंवा रंगीत लोकरीच्या तारा देतात. त्यावर विणण्याची दिशा शिकून होते आणि सहा वर्षांच्या मुलाला तेवढं पुरतं. मात्र तारेवर शिकलेल्या हाताला काडी चेपायची सवय नसते, तेव्हा पहिल्या दोन-तीन काड्या चिरणार हे धरून जास्तीच्या काढून ठेवा.